जूनपर्यंत उकरायचं नाही

मेची वीस तारीख. कायानीच्या तळ्यावरचा बर्फ
आत्ता कुठे काळा पडून फुटू लागलाय
आणि केर्तू बर्चखालच्या वाफ्यापुढे उभी आहे,
हात पाठीमागे बांधून,
बोटांवर तिचा विश्वास नाही.

होस्टा उशिरा उठते.
क्रोकस येऊन, मिरवून गेले,
रुबार्बने लाल मुठी वर काढल्या,
शेजारची आइला कुंपणावरून विचारते, "गेली का गं?"
मातीवर काही म्हणजे काहीच नाही.
फक्त एक उलटा रोवलेला चमचा,
त्यावर खिळ्याने कोरलेलं: कूनलिल्या, केमीहून.

चंद्राची लिली म्हणतात हिला तिकडे.
मला ती आपल्या अळूची
थंडीच्या देशात दिलेली मावसबहीण वाटते:
तीच रुंद पानं, तोच सावलीचा सोस,
पाण्याचा थेंब तसाच अंगावर खेळवणारी.

आई गेली तेव्हा सगळ्याची वाटणी झाली.
होडी रेइनोला, माग केर्तूला,
भिंतीवरचं घड्याळ दोघांनाही नको होतं.
शेवटी अंगणातली होस्टा. गड्डा उपटला,
पायरीवर ठेवला, पावाच्या सुरीने कापला.
सुरी तिरकी गेली.
सहा कोंब तिला, सात त्याला.
त्या सातव्या कोंबावरून
नऊ वर्षं बोलणं बंद.

केर्तूने आपले सहा जपले, जरा जास्तच जपले.
जमीन गोठायच्याही आधी वीतभर पेंढा,
वर पोतं, पोत्यावर फळी.
बाहेर उणे तीस, आत ऊब,
आणि त्या उबेत उंदरांनी संसार थाटला.
एप्रिलात तिने पोतं उचललं,
गड्ड्याला नुसता हात लावला
तर तो टोपीसारखा हातात आला.
खाली मूळ नव्हतं.
हे तिने कुणाला सांगितलं नाही.
आइलाला माहीत होतं, म्हणजे केमीपर्यंत माहीत होतं.

रेइनोने काहीच केलं नव्हतं.
दारातला बर्फ फावड्याने उचलायचा
आणि भिंतीकडेच्या त्या कोपऱ्यात फेकायचा,
पाच महिने, रोज, न बघता.
त्याची होस्टा बैलगाडीच्या चाकाएवढी झाली.

गेल्या ऑगस्टात तो बसने आला.
हातात बादली, बादलीत ओल्या वर्तमानपत्रांचं बोचकं.
कॉफी प्यायला. हवेबद्दल बोलला.
निघताना बूट चढवत, बुटांकडेच बघत म्हणाला,
"पेंढा नको. जमीन आधी दगड होऊ दे,
मग स्प्रूसच्या दोन फांद्या, बास.
आणि जूनपर्यंत उकरायचं नाही."
बस वळल्यावर तिने कोंब मोजले.
आठ.
हिशेबात तो कधीच पक्का नव्हता.

तीन जून. चमच्याच्या डावीकडे
माती जराशी तडकलेली,
तडकेत जांभळं काहीतरी,
टोक काढलेल्या पेन्सिलीएवढं.
संध्याकाळी दुसरं. रविवारपर्यंत पाच.
केर्तू आइलाला हाक मारत नाही.
पाचच आहेत अजून.
शिवाय गोगलगायी आहेतच, त्यांचं जुलैत बघू.

सोमवारी रेडिओ म्हणाला, रात्री पारा शून्याखाली.
कोवळं पान एकदा गोठलं की
सकाळी उकडल्या पालकासारखं लोळतं,
हे तिला ठाऊक आहे.
सौनातली बादली, सूपचं पातेलं,
दोन कुंड्या, आणि पाचव्यावर
तिची स्वतःची लोकरीची टोपी, वर दगड.

रात्रीचे दोन. अंधार पडतच नाही या दिवसांत,
आकाश ताकासारखं पांढुरकं.
गवतावर खडीसाखर चढताना दिसतेय.
झग्यावर कोट, पायांत रबरी बूट,
केर्तू केमीचा नंबर लावते,
नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून.

एका रिंगमध्येच उचलला जातो.
मागे कुठेतरी पत्र्याची बादली खणखणते.
"झाकलीस?" तो विचारतो.